विजेची बिलं

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात ताटकळलेल्या शिक्षिकेचे कान आता पुढच्या काकांकडे लागले होते.

“साफसफाई करायला गेलो आणि नातीचे सगळे फोटो उडवले हो! उद्या आमची ही गावाहून येतेय. माझी काही धडगत नाही.”

“फोल्डरचं नाव काय होतं?” दुकानदाराने विचारलं.

“काय माहीत? नावं हीच देते. बिस्किटांच्या डब्यावरसुद्धा ‘मीठ’ लिहिते, माझा हात पोचू नये म्हणून.”

“मग यातलं कुठलं फोल्डर तुम्ही कधीच उघडलं नाही?”

“ते, ‘विजेची बिलं’. बिलं हीच भरते.”

“बघू. आत अजून एक फोल्डर आहे... आणि त्यात नातच नात! नाव तेवढं वाचा, काका.”

“‘अहो सापडले ना, आता हात लावू नका’... हुश्श! बंद तुम्हीच करा बाबा.”