अन्नपूर्णेची पालथी वाटी

आदरणीय अध्यक्ष जयसिंगरावजी, मंचावरचे सन्माननीय पाहुणे, आज आपण ज्यांना निरोप देतोय त्या यमुनाबाई, आणि आपल्या या मल्हारगंजच्या मंडळात रोज दुपारी माझ्यासोबत पंगतीला बसणारे सगळे, तुम्हा सर्वांना पंढरीनाथचा नमस्कार.

चिटणीस अनीशजी मला म्हणाले, "काका, अन्नपूर्णा या नावाचा आध्यात्मिक अर्थ थोडक्यात सांगा. बाईंनी इतकी वर्षं रांधून वाढलं, शोभेल." मी सातवीपर्यंत शिकलेला. मंडळात प्रोफेसर बसलेत, मग मलाच का? तेव्हापासून झोप नाही.

बरं, अर्थ सांगतो. महादेव म्हणाले, जग माया, अन्नही माया. देवी निघून गेली आणि चुली विझल्या. मग तेच महादेव काशीला तिच्या दारात कटोरा घेऊन उभे राहिले. तिने मागचं काही काढलं नाही, पळीने वाढलं. माझ्या समजुतीप्रमाणे तिचं पूर्णत्व कोठीत नाही. दारातला माणूस जेवून गेला, तेव्हा ती पूर्ण झाली. ब्रह्म कसं असतं ते प्रोफेसरांनी सांगावं. मला ते पंगतीत भेटतं. घरी मी एकटा. इथे आलो नाही, तर दिवसभर कुणाशी बोलणं होत नाही.

आता आपल्या स्वयंपाकघरातली अन्नपूर्णा. पितळेची, बोटभर उंच, वाटीतल्या तांदळावर बसलेली. बाई नवे तांदूळ हाताशी घेतल्याशिवाय जुने काढत नाहीत. जुने पंगतीच्या भातात जातात. वाटी कधी रिकामी राहिली नाही.

आज सकाळी पाहिलं, तर वाटी धुऊन पालथी. देवी नाही. चौकीदार मारुती म्हणाला, "काकाजी, पॉलिशला गेली." अनीशजी म्हणाले, "टेन्शन मत लो काका, फोटो काढायला दिलीय." दोघांची दोन उत्तरं. परवा कुणी फीत घेऊन स्वयंपाकघर मोजून गेलं. आणि इथे मंचावर चमकी कागदातला हा डबा, बरोबर देवी मावेल एवढाच. स्वयंपाकघरच बंद होतंय, अशी शंका येणार नाही का?

यमुनाबाई, जरा उघडता का?

तीच आहे.

काय म्हणालात अनीशजी? "सन्मान आहे काका, भावना समझो." समजली. मग उद्या दुपारी पंगतीत कोण वाढणार?

बाई काही म्हणताहेत. माईक पोचत नाही, मी सांगतो. त्या म्हणतात, "भाऊ, माझी अन्नपूर्णा माझ्या घरी आहे, माहेरून आणलेली. ही इथली. हिला मी कशी नेऊ?"

ऐकलंत? मी घरून मूठभर तांदूळ आणलेत, या खिशात आहेत. आधी वाटी सुलटी होऊ द्या, मग बाईंना हार घालू.

तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. समारंभात नको ते बोललो असेन, तर म्हातारा घाबरलाय असं समजून सांभाळून घ्या. माईक देतो. पण अध्यक्षजी, उद्या चूल पेटणार की नाही हे तुम्ही सांगेपर्यंत मी मंचावरच उभा आहे.