चंद्रपूरला सांगितलेले गाव

ब्रह्मपुरीत एचआयव्हीच्या गोळ्या मिळू लागण्याचा तो पहिलाच दिवस होता. आकड्यांखेरीज कशावरही विश्वास न ठेवणारी स्वाती पाहणीसाठी केंद्रात बसली होती. पदराने तोंड झाकलेली एक बाई दारात आली आणि बाकावर कोणी माणूस आहे एवढे दिसताच माघारी वळली. स्वातीने वहीत ‘परत गेली’ असे नोंदवले. तोच बाकावरचा माणूस ताडकन उठला.

“वच्छलाबाई! चालीवरूनच वळखलो!”

“मुखरूभाऊ? अजी, तुमी त माजरीचे ना? इथी कसे?”

“माजरी कायची! मी इथलाच, नदीकडला. चंद्रपूरच्या दवाखान्यात कोनी वळखू नये मनून माजरी सांगत होतो. अन् तुमी त मूल गावच्या!”

“मी बी इथलीच. बजाराच्या मांगं राह्यते.”

“सहा वर्षं एकाच गावातून अलग अलग बसनं गेलो आपन?”

“हासू नोका, भाऊ. मी चालली चंद्रपूरलेच. इथी वळखीचं कोनी भेटलं त सून घरात ठेवनार नाई.”

“भेटलो ना मी वळखीचा!”

“तुमी सांगसान कोनाले?”

“अन् तुमाले कुठी पाह्यलो मनून सांगू?”

वच्छलाबाई खळखळून हसल्या. पदर तोंडावरून घसरला, तो त्यांनी सावरला नाही.

“तीन महिन्याच्या गोळ्या एकदम देऊन राह्यले, बाई!” मुखरूभाऊंनी सांगितले.

स्वातीने मघाची नोंद खोडली. वच्छलाबाई गोळ्या देणाऱ्या नर्सच्या टेबलाशी पोचल्याही होत्या.

“सिस्टर, मले पह्यले घ्या! दुपारची धानाची रोवणी अजून सापडते मले आज.”