भाकर

सन तेहतीसचा उन्हाळा. धुळ्यातल्या एका दवाखान्याच्या ओट्यावर अभिमन ठणकती दाढ धरून रांगेत बसला होता. त्याच्या पुढे एक लुळ्या हाताचा म्हातारा होता आणि म्हाताऱ्याची बायको.

“नाव काय?” कंपाउंडरने म्हाताऱ्याला विचारलं.

“भाकर.”

“हा दवाखाना आहे, खानावळ नाही! नाव सांग!”

“भाकर.”

“वेडाच दिसतोय.”

“येडा नही शे, भाऊ!” म्हाताऱ्याची बायको म्हणाली. “अंगवरून वारं गयं. त्यासले बठ्ठं समजस, पन तोंडमाईन हाऊ एकच शब्द निंघस.”

“मग तू सांग नाव.”

“मी त्यासनं नाव कसं लेवू? मालक शेतस मना.”

“म्हणजे याला बोलता येत नाही आणि तुला बोलायचं नाही! वेडा म्हणूनच लिहितो.”

“झुलाल!” बाई कडाडली. ओट्यावरच्या बायकांनी तोंडाला पदर लावले. अभिमन दाढ विसरला. “झुलाल शे नाव! लिखा!”

“ओरडू नकोस. सोबत तूच ना? तुझं नाव?”

“ते त्यासलेच इचारा.”

“काय रे, बायकोचं नाव काय?”

म्हाताऱ्याच्या मानेच्या शिरा फुगल्या, ओठ थरथरले.

“भाकर.”

रांगेत कोणीतरी फिसकन हसलं.

“लिखा,” बाई म्हणाली. “आजपासून तेच मनं नाव शे.”