रातबगळ्याचा बाप

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमचे मालक श्री. स्टुअर्ट कॅपलोव्ह, त्यांच्या उजव्या हाताला बसलेले सिनेमा कंपनीचे सन्माननीय पाहुणे, डावीकडे आमचे संपादक श्री. टिलरी, कॅपलोव्ह कॉमिक्समधले माझे पेन्सिलवाले, शाईवाले, रंगवाले भाऊबहिणी, आणि लहानपणी पांघरुणात बॅटरी लावून आमची मासिकं वाचून स्वतःचे डोळे बिघडवून घेतलेल्या वाचकहो,

मी कोन्चेटा पालुंबो, इथली अक्षरवाली. ऑफिसात कॉनी. तुमचा रातबगळा पन्नास वर्षं या शहराच्या गच्च्यांवरून चोरांवर झडप घालतोय. त्यातली एकोणचाळीस वर्षं त्याच्या तोंडचं प्रत्येक अक्षर या हाताने लिहिलंय. तो गरजला तरी मी, कण्हला तरी मी. कंपनीची पन्नाशी आणि माझी निवृत्ती, दोन्ही समारंभ एकाच कोंबडीत उरकले, ही आपल्या घराण्याची काटकसर. तक्रार नाही. कोंबडी बरी होती.

मला बोलायला सांगितलं ते आभार मानायला. मानणार आहेच. पण आत्ता टिलरीसाहेबांनी कंपनीचा इतिहास वाचून दाखवला आणि माझ्या घशात ती कोंबडी अडकली. काय तो इतिहास! सन चाळीस. आपले दिवंगत संस्थापक लू कॅपलोव्ह स्टेटन आयलंडच्या बोटीत बसलेत, धुकं आहे, धक्क्याच्या खांबावर एक बगळा उभा आहे. लूसाहेबांच्या अंगावर काटा येतो आणि रातबगळा जन्माला येतो. टाळ्या! तुम्हीही वाजवल्यात. लूसाहेबांना बोट लागायची, हो! ब्रुकलिनला जायचं तरी ते पुलावरून जात. त्यांच्या सगळ्या जुन्या माणसांना हे ठाऊक आहे. का रे, हसताय कशाला? टाळ्या वाजवताना नाही आठवलं?

मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, असं माझी आई सांगायची. मी वाईट बोलत नाही, खरं बोलते. ते वाईट वाटलं तर त्याला माझा इलाज नाही.

मागे बघा. स्वयंपाकघराच्या दाराजवळचं ते टेबल. काठी घेऊन बसलेत ते मेंडेल झिलबर, आमचे मेंडी, आणि शेजारी त्यांची लेक नेओमी. त्यांना निमंत्रण नव्हतं. उत्सवमूर्ती म्हणून मला दोन पाहुणे आणायची मुभा होती, ते हे दोघे. नव्या मंडळींना वाटलं असेल, कॉनीचे कोणी काका असतील. अरे, ज्याच्या जिवावर तुमची चूल पेटते ना, तो रातबगळा या माणसाने काढला. पहिल्यांदा. एकट्याने. आणि पुढची सव्वीस वर्षं त्याच्या पेन्सिलीशिवाय त्या बगळ्याने पंख हलवला नाही.

मी एक्कावन्न साली कामाला लागले, तेव्हा ऑफिसात याबद्दल कुणाला शंकाच नव्हती. लूसाहेब स्वतः खोलीतून ओरडायचे, “अगं कॉनी, बगळ्याच्या बापाला पाठव जरा! आणि कॉफी पिऊन झाली असेल तर पाठव, नाहीतर येणार नाही तो!” बगळ्याचा बाप. हे त्यांचेच शब्द.

मग आलं चोपन्न साल. कॉमिक्स वाचून पोरं बिघडतात अशी हाकाटी झाली. शाळांच्या मैदानांत मासिकांच्या होळ्या पेटल्या, आणि एका सकाळी आमच्या ऑफिसच्या दारात वार्ताहर येऊन उभे राहिले. लूसाहेबांनी काय करावं? मेंडीला बाहीला धरून पुढे ढकललं. मी पाठीमागेच होते. म्हणाले, “अहो, मी साधा कागदाचा व्यापारी! बगळा माझा नव्हे. तो या झिलबरच्या डोक्यातून निघालाय. जाब विचारायचा तर त्याला विचारा!”

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो कुणाचा? मेंडीचा. ब्राँक्समध्ये खाटकाच्या दुकानात मेंडीच्या बायकोला भर रांगेत एक बाई म्हणाली, “तुमचे हे मुलांना गुंडगिरी शिकवतात म्हणे?” नेओमीच्या वाढदिवसाला केक आला, मुलं आली नाहीत. मेंडीने सगळं गिळलं. म्हणाला, “कॉनी, निदान बगळा माझा आहे हे तरी लूने जगासमोर कबूल केलं.”

भोळा माणूस!

बारा वर्षांनी टीव्हीवर बगळ्याची मालिका आली. खेळणी आली, चादरी आल्या, आणि लूसाहेबांना ती बोट आठवली! शिव्या होत्या तोवर बगळा झिलबरचा. हार आले तसा कॅपलोव्हचा. मेंडी विचारायला गेला. दार उघडं होतं, सगळ्या ऑफिसाने ऐकलं. लूसाहेब म्हणाले, “मेंडी, काढलास तू रे, पण बघितला मी.” सोमवारी मेंडीच्या टेबलावर दुसरा चित्रकार बसलेला होता. याला म्हणतात आयत्या पिठावर रेघोट्या ओढणं. तेही खोटंच म्हणा. लूसाहेबांना सरळ रेघ कधी ओढता आली नाही.

आपल्या धंद्याची रीतच वाईट. पेन्सिलवाला चित्र काढतो, शाईवाला त्यावर शाई फिरवतो, आणि मग खोडरबराने पेन्सिल पुसून टाकतात. मेंडीची चित्रं रोज पुसली जायची. कामाची पद्धत म्हणून ते सोसलं. माणूस पुसायची पद्धत कुणी काढली?

तुम्ही म्हणाल, कॉनीबाई, पुरावा? मला सांगा, पाण्याच्या टाकीवर रातबगळा कसा उभा राहतो? सगळा भार उजव्या पायावर, डावा गुडघा जरासा वाकलेला. हॉलमध्ये बसलेल्या प्रत्येक चित्रकाराने तो तसाच काढलाय, आणि एकालाही ‘असाच का?’ हे विचारावंसं वाटलं नाही. मेंडीच्या डाव्या पायाला लहानपणी पोलिओ झाला होता. मघाशी तो दारात तसाच उभा होता, तेव्हा तुमच्यापैकी कितीजण त्याला धक्का देऊन पुढे गेलात? तुमचाच नायक होता तो.

पुढच्या महिन्यात सिनेमा येतोय. पडद्यावर लूसाहेबांचं नाव झळकणार. मेंडीला आता एका डोळ्याने दिसत नाही, दुसऱ्याने धूसर दिसतं. हे आज झालं नाही तर कधीच होणार नाही. स्टुअर्ट, मी तुमच्याकडे तीनदा आले. तुम्ही म्हणालात, “कॉनी, एवढ्याशा चौकटीसाठी कशाला डोकं पिकवतेस? ती कोण वाचतं?”

बरोबर बोललात. पहिल्या पानाच्या तळाशी ती चौकट असते: ‘रातबगळा – निर्मिती: लू कॅपलोव्ह’. वर्षानुवर्षं तिचा छापील तुकडाच चिकटवतात. टिलरीसाहेब संवादाच्या फुग्यांतला स्वल्पविराम न् स्वल्पविराम तपासतात. एकदा ‘धडाम’पुढे उद्गारचिन्ह कमी पडलं म्हणून मला घरून बोलावून घेतलं होतं. पण ती चौकट? रोज दिसते म्हणून कुणी बघत नाही. सुवर्णमहोत्सवी अंक हे माझं शेवटचं काम. त्या अंकात मी तुकडा चिकटवला नाही. हाताने लिहिलं.

अंक छापून देशभर रवाना झालाय. उद्या सकाळी दुकानांत येईल. तुमच्या प्रत्येकाच्या खुर्चीखाली भेटीची पिशवी आहे, त्यातही आहे. काढा. पहिलं पान, तळाशी. टिलरीसाहेब, चष्मा लावा. सिनेमावाले पाहुणे, तुम्हीही वाचा, पोस्टर दुरुस्त करायला महिना हाताशी आहे. स्टुअर्ट, नोकरीवरून काढायचं तर घाई करा, माझी नोकरी पाच वाजताच संपली.

नेओमी, बाबांना वाचून दाखव. मोठ्याने वाच, मागे भांडी वाजतायत.

तर मंडळी, या कंपनीने मला काम दिलं, मैत्रिणी दिल्या, बोटाला हा घट्टा दिला. मनापासून आभारी आहे. एकोणचाळीस वर्षांत माझ्या हातून कुठे काना-मात्रा सुटली असेल, आज कुठे जीभ घसरली असेल, तर पोटात घाला. त्या चौकटीबद्दल मात्र क्षमा मागणार नाही. तिथे एकही चूक नाही.

मेंडी, अरे, काठी कशाला शोधतोयस? तू बसून राहा. आज उभं राहायचं काम आमचं.