दुसरा गिअर

नाही, शुक्रवार नव्हे, शनिवारच होता – मला सुट्टी, म्हणून तर शेजारच्या काकूंचं शिवणयंत्र उघडून बसलो होतो. खाली वर्तमानपत्र, त्यावर सगळे स्क्रू ओळीनं मांडलेले, आणि फोन वाजला. हात तेलकट, म्हणून पहिल्यांदा उचललाच नाही – म्हटलं, हीच असेल, बहिणीकडे पोचले म्हणून सांगत असेल. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा कोपरानं दाबून स्पीकरवर घेतला. पोलीस होता. सभ्य माणूस हो, आधी गाडीचा नंबर वाचून दाखवला, मग विचारलं, बाई तुमच्या कोण? मी म्हटलं, बायको. तर तो म्हणाला, घरी आणखी कोणी आहे का? तेवढ्यात मला कळलं – आणि मी काय केलं, माहितीये? सगळे स्क्रू गोळा करून वाटीत टाकले. हरवू नयेत म्हणून. असो. तुम्ही ते टेपचं टोक धरा. असं नाही, कडी रेषेला टेकवून – हां. आता हलू नका, मी पलीकडे जातो.

ऐकू येतंय ना तिथून? – तुम्हाला बोलावलं तेव्हा तुमच्या घरी काळजीच वाटली असेल. त्या बाईचा नवरा सकाळी सकाळी त्याच चौकात बोलावतोय म्हणजे काय भानगड आहे, एकटे जाऊ नका, असं म्हणालीच असेल तुमची बायको. तुमच्या जागी मी असतो तर मला कोणी पाठवलं नसतं. पण भांडायला बोलावलेलं नाही. हा विमा कंपनीचा फॉर्म आहे. त्यात बघा, एवढासा चौकोन – ‘अपघातस्थळाचा नकाशा काढा’. अहो, मी एकतीस वर्षं पाणीपुरवठ्याचे नकाशे काढतोय, जमिनीखालचा नळ कुठं वळतो ते बोटाएवढ्या चुकीशिवाय दाखवतो, ऑफिसात मला पाठीमागे फुटपट्टी म्हणतात – हल्ली तोंडावरच म्हणतात – आणि माझ्या बायकोच्या अपघाताचा नकाशा मी या चौकोनात अंदाजानं काढू? खाली दोन ओळी मोकळ्या आहेत. ‘आपल्या मते चूक कोणाची?’ दोन ओळी. त्यात माझं उत्तर काय येतं, याची तुमचा मालक वाट बघतोय, हे मला माहीत आहे. तोवर तुम्हाला व्हॅनची किल्ली देणार नाही म्हणाला ना? सात आठवडे झाले. मला तुमच्या लाँड्रीतल्या पोरीनं सांगितलं. मी गेलो होतो तिथं – ते मग सांगतो. सहा मीटर वीस. सोडा आता, या इकडे, कडेकडेनं या, लाल गाडीला जाऊ द्या.

तर तुम्ही तिच्या उजवीकडून आलात, या मोठ्या रस्त्यानं. ही त्या बोळातून, चढानं वर आली. बोळाच्या तोंडाशी ही पांढरी रेषा – इथं थांबायचं, दोन्हीकडे बघायचं, मग पुढे. सोपं आहे. मी आधी दोषी धरलं ते रंगवाल्याच्या पाटीला. म्हटलं, एवढी मोठी पाटी फुटपाथवर, हिला व्हॅन दिसलीच नसणार. मोजलं. रेषेवर उभं राहिलं की पाटीच्या पलीकडचं चाळीस मीटर स्वच्छ दिसतं. रंगवाला बिचारा दुकानातून चहा घेऊन आला, त्याला वाटलं मी नगरपालिकेचा माणूस. मग झाड धरलं. झाड तर मागेच राहतं. मग ऊन – साडेदहाला ऊन कुठं असतं बघायला तीन दिवस येऊन उभा राहिलो, ते तिच्या पाठीवर होतं, तुमच्या डोळ्यांवरही नव्हतं. मग राहिलात तुम्ही.

रागावू नका. तुमच्यावर फार दिवस घालवले मी. तुमच्या चाकांचे काळे पट्टे पोलिसांनी मोजलेत, अकरा मीटर चाळीस. त्यावरून वेग काढता येतो, गणित आहे त्याचं. एकदा काढला, पटला नाही. पुन्हा काढला. रस्ता खरखरीत धरला, ब्रेक नवे धरले, व्हॅन चादरींनी गच्च भरलेली धरली – काहीही धरलं तरी अठ्ठेचाळीसच्या वर जात नाही हो. आणि वेगमर्यादेची पाटी पन्नासची. तिसऱ्यांदा आकडा आला तेव्हा मी चिडलो तुमच्यावर. म्हटलं, या माणसाला दहा किलोमीटर जास्त चालवायला काय झालं होतं? ... हसा, हसलात तरी चालेल. मुलगी नाही हसली. मुलगी म्हणजे – ती परगावी असते, तक्रारअर्ज तिनंच लिहिलाय, तुमच्याविरुद्ध, चार पानी. रोज संध्याकाळी फोन करते. बाबा, तो माणूस जबाबात सांगतो, आई थांबली नाही. आई! जी रिकाम्या रस्त्यावरसुद्धा झेब्रा पट्ट्यांवरूनच पलीकडे जायची, ती थांबली नाही? आणि मी म्हणतो, हो ना. मी म्हणतो, ती थांबल्याशिवाय पुढे जाणारी बाईच नव्हती. माझ्याही जबाबात हेच आहे, सहीनिशी. खोटं नाही ते. थांबणारीच होती ती.

चला, एवढं एक राहिलं. पंचनामा वाचतो, तुम्ही नुसतं ‘बरोबर’ म्हणा. वाहन क्रमांक – असू दे. समोरची काच फुटलेली. चालकाच्या बाजूचा दरवाजा आत गेलेला. हँडब्रेक सैल. गिअर, दुसरा. मागच्या सीटवर रिकामे डबे, चार – बहिणीचे होते, परत द्यायला – काय झालं? असे का बघताय?

हां. तुम्हाला कळलं. रोज गाडी चालवणाऱ्याला कळणारच. पोलिसांना नाही कळलं, वकिलाला नाही, मुलगी तर गाडी चालवतच नाही. रेषेवर थांबलेला माणूस पहिल्या गिअरवर निघतो. चढावर तर पहिल्यावरच. रेषेपासून धडकेपर्यंत सहा मीटर वीस, आत्ताच मोजलं आपण. तेवढ्यात कोण दुसरा टाकतं? मी तीनदा वाचलं होतं ते पान आणि तीनदा पुढं गेलो. चौथ्यांदा भात कुकरला लावून वाचत बसलो होतो, तर शिट्ट्या किती झाल्या तेच कळलं नाही, खाली करपला.

नाही, तिची चूक नाही. थांबा, बोलू नका, मला सांगू दे. गाडी जुनी आमची. उभी राहिली की इंजिन धडधडायचं आणि बंद पडायचं – तुम्हाला ठाऊक असेल, तो एक स्क्रू असतो, जरासा फिरवला की झालं. गॅरेजवाला म्हणाला, ठेवून जा, तासाभरात देतो. मी म्हटलं, एवढ्याशा कामाला गॅरेज कशाला, मी करतो की. चार महिने म्हणत होतो. काकूंचं यंत्र, वरच्या मजल्यावरच्यांचा नळ, कोणाच्या मुलाची सायकल – ती म्हणायची, अहो, एकदा मला शेजारीण समजा, म्हणजे माझी गाडी होईल. हसायची म्हणताना. आणि या चढावर तिची दोनदा बंद पडली. मागे गाड्यांची रांग, भोंगे, एकजण उतरून काहीतरी बोललाही तिला. घरी आली ती रडवेली होऊन. मग मी तिला शिकवलं. मीच. शेजारी बसून, एका रविवारी, पाच वेळा या बोळातून वर आणलं तिला. म्हटलं, तिथं थांबूच नकोस. दुसऱ्यात ठेव, हळूहळू पुढे सरकत राहा, नाक बाहेर काढ, लोक थांबतात. ती म्हणाली, पण रेषा आहे ना तिथं? मी म्हटलं, रेषेचं मी बघतो.

फुटपट्टी म्हणतात मला.

– तुम्ही काय सांगणार मला? थांबली नाही, हे तुम्ही पहिल्या दिवसापासून सांगताय. त्या दिवशी तुम्ही उतरून तिच्या डोक्याखाली चादर घातलीत, हेही तुमच्या जबाबात नाही, मला रंगवाल्यानं सांगितलं. म्हणून लाँड्रीत गेलो होतो. तुम्ही नव्हतात, म्हणून चादर घेऊनच परत आलो. ही घ्या. हॉस्पिटलातून तिच्या कपड्यांबरोबर आली. धुतली आहे, एका कोपऱ्यात राहिलंय थोडं, तीनदा घासलं तरी गेलं नाही. तुमच्या मालकाचा शिक्का आहे, मोजून ठेवत असतील. घ्या हो. मी काय करू तिचं घरी.

पाठ करा जरा इकडे, फॉर्म ठेवतो टेकवून. पेन्सिलीनं नाही, पेनानंच लिहितो. ‘गाडी रेषेवर थांबली नाही. कारण’ – कारण या दोन ओळींत बसत नाही, वेगळा कागद जोडावा लागेल. ‘व्हॅनचालकाची चूक नाही.’ झालं. सही. तारीख. उद्या ऑफिस उघडलं की मी स्वतः नेऊन देतो, एक प्रत तुमच्या मालकाला. नाही, हात नका धरू. माझे आभार मानू नका. तेवढं नका करू.

ती बघा, तुमची बस वळली. पळा, रविवारी पुढची तासाभरानं असते. टेप मी गुंडाळतो. माझी मुलगी सात वाजता फोन करेल, रोज विचारते, बाबा, पुढं काय झालं? तिला मी त्या गिअरचं अजून काही सांगितलेलं नाही.