बाईंच्या गाडीचं मागचं दार

आमी मूळचे पाथर्डीकडले. वडील ऊस तोडायला जायाचे, मीबी दोन हंगाम गेलो, मग कोयता टाकला आन नगरला गॅरेजात लागलो, त्याला आता वीस वरसं झाली. काय सांगू तुमाला, इंजनाचं काम समद्यांला येतं, पन जुन्या गाडीचं दार नीट बसवायचं म्हनलं की लोक माझ्याकडं धाडत्यात.

आमच्या डाक्टरीन बाईंची गाडी तसलीच, जुनी, काळी, मागची दारं उलटी उघडनारी, म्हंजी बिजागरी मागल्या अंगाला आन कडी पुढं. असलं दार चालत्या गाडीत जरा सुटलं की वारा आत शिरतो आन भसकन उघडतं. कडीला दोन खाचा असत्यात. पयल्या खाचंत अडकली तर दार लागल्यावानी दिसतं, पन लागलेलं नसतं, दुसरीत गेली की खरं लागलं. बाईंच्या गाडीची दुसरी खाच झिजून गुळगुळीत झाल्ती.

आन त्यात हा दुष्काळ. बाई रोज सरकारनं काढलेल्या खडीच्या कामावर जायाच्या, तिथं मानसं उन्हात खडी फोडायची, जुलाब-उलट्या चाललेल्या. मी म्हनलं, बाई, नवी कडी मिळायची न्हाई, झाळून, म्हंजी धातू वितळवून भरून, कानशीनं घासून खाच करावी लागंल, दोन दिस गाडी ठेवा. त्या म्हनल्या, दोन दिवस कुठून आणू रंगनाथ, तिकडे माणसं वाट बघतायत, आज चालेल एवढं कर. मग मी कडीखाली वायसरच्या चकत्या घातल्या, कडी जरा सरकवली, दार लावून बघितलं, लागलं. म्हनलं, जावा. मी जावा म्हनलं, हेच अजून डाचतं बघा.

तिसऱ्या दिशी त्या कामावरच्या एका अडलेल्या पोरीला दवाखान्यात आनत हुत्या, मागं पोरगी आन दाराला टेकून तिचा सासरा. खड्ड्यात गाडी आदळली, दार उघडलं, म्हातारा रस्त्यावर. मांडी मोडली. बाईंनी तसंच दोघांला घेतलं, दार दोरीनं बांधलं, पोचल्या. पोरगी बाळंत झाली, नात झाली.

बाई गॅरेजात आल्या, म्हनल्या, चूक माझी, तू सांगितलं होतंस. मी म्हनलं, बाई, हात माझा लागला हुता.

दोन दिस बसून खाच केली. मग दवाखान्यात म्हाताऱ्याकडं गेलो, पाय ताणून बांधलेला. म्हनलं, बाबा, त्ये दार मी बसीवलं हुतं. म्हातारा म्हनला, आता तरी नीट बसीवलं का? माझी सून आन नात त्याच गाडीतनं घरी जायाच्या हायती.

त्या दोघी घरी गेल्या तवा मी संगं गेलो. म्हाताऱ्याच्या जागी बसलो, दाराला पाठ लावून, गावापातूर.

म्हातारा आता काठीवर चालतो, खडीवर जाता येत न्हाई. मीबी थकलो, कानस धरली की बोटं बधिर व्हत्यात. बाईंची गाडी दर आठ दिसांनी येती, धूळ काढायची, तेल घालायचं. नवी घ्या म्हनलं तर हसत्यात. चालायचंच. त्यांच्या हाताला येस मिळू दे, आन आता पाऊस पडू दे, दुसरं काय मागू.