अनारशाच्या डब्यातला भूकंप

...अन् वरून आमची मंडळी, अहिल्या, मलेच म्हणते, "तुम्ही सरळ बोलत काहून नाही?" अवं बाई, बोलू कसा? तुम्हीच सांगा, आपल्या बालाघाटात कोण्या सासऱ्यानं दिवाळसणाच्या तोंडावर जावयाले म्हटलं हाय, की जावईबापू, तुमच्याकडं बिल्डिंग आडवी पडली? हौ, आडवी! अख्खी! तीन मजल्याची!

थांबा, पह्यलेपासून सांगतो. वारासिवनीचा राईस मिलवाला भैयालाल, त्याले इथं लॉज बांधायचं होतं. जबलपूरच्या भूकंपात त्याच्या मांडणीवरची भांडी वाजली, तवापासून त्यानं धास्तीच घेतली. "नीलकंठ साहब, बिल्डिंग ऐसी बनाओ कि भूकंप आए और शरमा के चला जाए!" मी पडलो बिल्डिंगचा इंजिनिअर, म्हटलं, बनवतो. चार भूकंप घेतले... घाबरू नका, कम्प्युटरातले! एक पुढून ढकलते, एक मागून, एक डावीकडून, एक उजवीकडून, त्याले लोड केस म्हणतात, अन् चारही धक्के बिल्डिंगनं सोसले पाह्यजे. माझ्या प्रोग्रामात सोसले बी! पण पायाचा हिशोब करणारा प्रोग्राम वेगळा, अन् तो महाग, अन् तो होता कोणाकडं? नागपूरले, आमच्या नव्या जावयाकडं, अनयरावांकडं! अहिल्या म्हणे, "घरचा जावई इंजिनिअर असताना बाहेर काहून जाता? त्यायले वाईट वाटन ना!" झालं! चारही भूकंप एका फ्लॉपीत भरले, फ्लॉपी अहिल्येनं अनारशाच्या डब्यात ठेवली, डबा नागपूरच्या बसमध्ये कंडक्टरच्या हाती दिला... जावयाच्या सासुरवाडीहून भूकंप निघाला, फराळासंगं!

डबा परत आला. आत चिवडा, अन् चिवड्याखाली कागदावर फुटिंगचे, म्हणजे कॉलमखालच्या पायाचे, साइज. पाह्यतो तं काय, एकेक फुटिंग आमच्या बैठकीएवढं! भैयालाल किंचाळला, "साहब, कॉलम का गड्ढा बता रहे हो कि हट्टा की बावड़ी खुदवा रहे हो?" म्हणजे आमच्या हट्टा गावची ती जुनी मोठ्ठी विहीर! अन् एक गड्ढा तं शेजारच्याच्या अंगणात, थेट तुळशीखाली!

चष्मा पुसून पुन्हा पाह्यलं तवा समजलं. माझ्या प्रोग्रामात वरची दिशा म्हणजे 'वाय'. जावयाच्या प्रोग्रामात वरची दिशा म्हणजे 'झेड'. आकडे सगळे बरोबर गेले, पण 'वर' इथंच राह्यलं! म्हणजे नागपुरात पोचल्यावर बिल्डिंगचं वजन खाली जायचं सोडून आडवं लागलं, अन् ती वैनगंगेकडं सरकून राह्यली! अन् बाजूनं यायचा भूकंप, तो खालून येऊन तिले वर उचलून राह्यला! मंग तिले दाबून धराले फुटिंग खोलीएवढं नाही होईन तं काय होईन? वायचं झेड अन् झेडचं वाय केलं की काम खतम. पण म्हणावं कसं? जावई हाय!

बरं, भूमिपूजनाचा मुहूर्त गुरुवारचा. भैयालालनं पंडित सांगितला, पेढे सांगितले, अन् मले सांगितलं, "गुरुवार तक गड्ढे का साइज नहीं मिला, तो मैं गोंदिया से इंजीनियर ले आऊँगा।" एवढं मोठं काम बालाघाटात रोज रोज भेटते का? एसटीडी लावला. "जावईबापू, काय म्हणते नागपूर? बिल्डिंगी-गिल्डिंगी... उभ्या हायेत ना सगळ्या?" तो म्हणे, "हो मामाजी, उभ्या आहेत. तुमची तब्येत कशी आहे? डोकं-बिकं गरगरत तर नाही ना?" पाहा, किती जीव लावते पोरगा! आता अशा माणसाले म्हणावं कसं? जावई हाय!

मंग डोकं लढवलं. गुपचूप माझ्याच फाइलीत वाय-झेडची अदलाबदल करून टाकली. तिकडं बिल्डिंग आपोआप उभी होईन, अन् त्याले समजणार बी नाही! निरोप दिला, "पह्यली फ्लॉपी खराब होती वाटते, दुसरी पाठवून राह्यलो." या खेपेले चकल्या. उत्तर आलं... फुटिंग पुन्हा बैठकीएवढे! तुळस पुन्हा गड्ढ्यात! बिल्डिंग पुन्हा निघाली वैनगंगेले! मी डोकं धरून बसलो, अन् भैयालाल दारात उभा, "साहब, कल गुरुवार है!"

अहिल्येनं माझं तोंड पाह्यलं, सगळं वदवून घेतलं, अन् सरळ देवश्रीले फोन लावला. पोरगीच ना आपली! "काय गं, तुमच्याकडं वर म्हणजे कोणतं?" तिकडं देवश्री हसाले लागली तं थांबेच ना! म्हणे, "आई, यायले पह्यल्याच दिवशी समजलं होतं, की बाबांची बिल्डिंग आडवी आली! म्हणूनच तं विचारलं, डोकं गरगरते का! बाबा काहीच बोलले नाही, म्हणून दुसऱ्या खेपेले यायनं गुपचूप वाय-झेड बदलून टाकलं. मी म्हटलं, सरळ सांगा ना बाबांले! तं म्हणतात, म्हणावं कसं? सासरे हायेत!"

ऐकलं? इकडून मी गुपचूप उलटवली, तिकडून त्यानं गुपचूप उलटवली, अन् दोनदा उलटवली तं ती होती तशीच! दोन इंजिनिअर एवढे सभ्य, एवढे सभ्य, की मधात लॉज आडवं!

मायलेकींनी फोनवरच ठरवलं, "नागपुरात पडलेली पह्यलीच फ्लॉपी धरायची, बाबांनी हात नाही लावायचा. बदल जावई करन." तासाभरात फोनवरच साइज आले, माणसाले पटतीन असे फुटिंगचे साइज! गुरुवारी भैयालालनं नारळ फोडला, अन् मले पेढा चारला. खरं सांगतो, तो पेढा खाताना डोळ्यात पाणी आलं.

दिवाळसणाले जावई आला, तं आम्ही दोघं पूर्णवेळ थंडीवर बोललो. भूकंपाचा भ नाही काढला! आता माझे भूकंप मी अहिल्येले सांगतो, अहिल्या देवश्रीले, देवश्री जावयाले. वर-खाली काही म्हणता काही चुकत नाही. फक्त एक हाय... इथून निघालेला भूकंप या दोघींच्या बोलण्यातून नागपूरले पोचेपर्यंत जरासा वाढते. फुटिंग थोडे मोठेच येतात. पण म्हणावं कसं?

बायको हाय!